हाराजुकू, नागसेनवन आणि वादाची एक अट

आजचा भाग जपानमध्ये सुरू होतो आणि आपल्या छावणीजवळ येऊन थांबतो. जरा धीर धरा, संबंध लागेल.

टोकियोमध्ये हाराजुकू नावाचा भाग आहे. रंगवलेले केस, चित्रविचित्र कपडे, ताकेशिता रस्त्यावर क्रेप खात फिरणारी कॉलेजची पोरं, हे सगळं तुम्ही रीलमध्ये पाहिलं असेल. पण हा भाग तरुणांचा झाला कसा? दुसऱ्या महायुद्धानंतर तिथं शेजारीच अमेरिकन सैनिकांच्या कुटुंबांसाठी वसाहत बांधली होती, वॉशिंग्टन हाइट्स. त्यांच्यामुळे परदेशी वस्तूंची दुकानं आली. १९६४ च्या ऑलिंपिकसाठी ती जमीन जपानला परत मिळाली, खेळाडूंचं गाव तिथंच वसलं आणि नंतर योयोगी पार्क झालं. १९७७ पासून रविवारी तिथला मोठा रस्ता गाड्यांसाठी बंद ठेवायला लागले. झालं! पोरं रस्त्यावर नाचायला लागली, बँड वाजवायला लागली. १९९८ मध्ये ती सोय बंद झाली आणि रस्त्यावरचा तो मेळा पांगला.

म्हणजे बघा, दुकानं नंतरची गोष्ट. तरुणांना हक्कानं थांबता येईल अशी जागा आधी लागते. ती कुणीतरी मोकळी करून द्यावी लागते, आणि कुणीतरी काढूनही घेऊ शकतं.

आता आपल्याकडे या. गंगापूरहून एसटीनं निघालात की वाळूज, पंढरपूर करत नगर नाका येतो, मग छावणी. तिथून जवळच नागसेनवन आहे. आमच्या तालुक्यातल्या कितीतरी जणांनी ही बस पकडूनच कॉलेज केलं. पण ही जागा कशी उभी राहिली, हे बसमध्ये कुणी सांगत नाही.

१९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. विद्यापीठ एकच, हैदराबादचं उस्मानिया, आणि तिथलं शिक्षण उर्दूतून. पदवीपर्यंत शिकायचं तर बहुतेकांना हैदराबाद गाठावं लागायचं. शेतमजुराच्या, त्यातही दलिताच्या पोरानं तेवढा खर्च कुठून करायचा? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली होती. तिचं पहिलं कॉलेज १९४६ मध्ये मुंबईत निघालं, सिद्धार्थ. दुसऱ्या कॉलेजासाठी त्यांनी पुणं निवडलं नाही, नागपूरही नाही. १९५० मध्ये त्यांनी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज सुरू केलं. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची पायाभरणी झाली.

पुढे या कॉलेजचं नाव झालं मिलिंद महाविद्यालय आणि परिसराचं नागसेनवन. ही नावं सहज ठेवलेली नाहीत. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर आणि नागसेन म्हणजे बौद्ध भिक्खू. दोघांची प्रश्नोत्तरं ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आहेत. त्यातला एक प्रसंग मला फार आवडतो. राजा वादाला बोलावतो, तेव्हा नागसेन अट घालतो : विद्वान करतात तसा वाद करणार असशील तर बसू, राजे करतात तसा असेल तर नको. फरक काय? विद्वानाचा मुद्दा खोडला गेला तर तो चूक मान्य करतो, चिडत नाही. राजाला कुणी विरोध केला की तो शिक्षा फर्मावतो. मिलिंद अट मान्य करतो, आणि मग प्रश्न सुरू होतात.

ज्या पोरांच्या बापजाद्यांना तोंड उघडायची सोय नव्हती, त्यांच्या कॉलेजला प्रश्न विचारणाऱ्या राजाचं नाव! आणि त्या पोरांनी खरंच तोंड उघडलं. अमेरिकेत शिकून, तिथल्या कृष्णवर्णीयांचं साहित्य वाचून आलेले म. ना. वानखेडे इथं होते. इथंच शिकवणारे गंगाधर पानतावणे यांनी साठच्या दशकाच्या शेवटी ‘अस्मितादर्श’ सुरू केलं. दलित साहित्याचा इतिहास सांगताना मुंबईचं नाव आधी घेतात, पण त्यातला मोठा भाग या वसतिगृहांत आणि वर्गांत घडलाय.

जवळच १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. त्याला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळानं २७ जुलै १९७८ ला मंजूर केला. त्यानंतर जे झालं, तो वाद नागसेनाच्या अटीतला नव्हता. मराठवाडाभर गावोगाव दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना मारून टाकलं. आपल्याकडे या विषयावर घरात बोलताना आजही आवाज खाली जातो. मला वाटतं, तो खाली जाऊ नये. ज्यांची घरं जळली, त्यांचा नामांतराच्या ठरावात मतदान करण्याशी काय संबंध होता? १९९३ च्या नोव्हेंबरात नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केलं. शेवटी १४ जानेवारी १९९४ ला तोडगा निघाला : डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. जुनं नाव राहिलं, नवं आधी लागलं. नामांतराचा नामविस्तार झाला. साडेपंधरा वर्षं लागली.

गंमत म्हणजे नावाची गोष्ट हाराजुकूचीही आहे. १९६५ मध्ये सरकारी पत्त्यातून ते नाव काढून जिंगूमाए केलं. स्टेशनवर आणि पोरांच्या तोंडी मात्र हाराजुकूच राहिलं. नकाशावरचं नाव आणि माणसांनी वापरून टिकवलेलं नाव, दोन्ही वेगळी असतात.

तर मंडळी, शहरात पाहुणे आले की आपण त्यांना बीबी का मकबरा दाखवतो. खापरी नळांतून पाणी आणलेली पाणचक्की दाखवतो, विद्यापीठामागच्या डोंगरातली बौद्ध लेणी दाखवतो. हे सगळं एकाच बाजूला आहे, एका दिवसात होतं. त्या दिवसात एक तास नागसेनवनालाही द्या. जमलं तर १४ जानेवारीला जा. त्या दिवशी विद्यापीठ गेटवर गावोगावची माणसं येतात, रस्त्याच्या कडेनं पुस्तकांचे स्टॉल लागतात. एखादं पुस्तक घ्या आणि स्टॉलवरच्या पोराशी दोन गोष्टी बोला. त्याचं म्हणणं पटलं नाही तर वादही घाला. फक्त नागसेनाची अट तेवढी लक्षात ठेवा.

भेटू पुढच्या भागात!