ध्वनी आणि चित्र यांचा मेळ : बोलपटापासून डीव्हीडीपर्यंतचा तांत्रिक इतिहास आणि ग्रामीण दृक्‌श्राव्य साधनांचे जतन

प्रस्तावना :
प्रादेशिक इतिहासलेखनात दस्तऐवज, शिलालेख आणि मौखिक परंपरा यांच्या जोडीला ध्वनिचित्रफीत हे साधनही आता महत्त्वाचे ठरले आहे. व्हिडिओ कॅसेटच्या काळात मराठवाड्यातील गावोगावी विवाह, जत्रा, हरिनाम सप्ताह, गोंधळ अशा प्रसंगांचे चित्रण होऊ लागले. परभणी जिल्ह्यातील पूर्णा तालुक्यातले ताडकळस आणि त्यासारखी गावे यांच्या सामाजिक व सांस्कृतिक इतिहासासाठी अशा फितींचे मोल मोठे आहे. पुढे या फिती संगणकावर घेऊन त्यांच्या डीव्हीडी तयार करण्यात आल्या. मात्र या रूपांतरात चित्र आणि ध्वनी यांचा मेळ अनेकदा बिघडतो. हा दोष केवळ तांत्रिक नसून साधनाच्या विश्वसनीयतेशी निगडित आहे, हे प्रस्तुत निबंधात मांडावयाचे आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला, तेव्हा मेळाचा प्रश्न यंत्राचा नव्हता. मूकपटाच्या काळात चित्रगृहातील वादक पडद्याकडे पाहून वाजवीत असत. चित्राचा वेगही निश्चित नसे. ध्वनी आल्यावर ही मुभा संपली, कारण वेग बदलला की स्वर बदलतो. म्हणून १९२० च्या दशकाच्या अखेरीस सेकंदाला २४ फ्रेम हा वेग रूढ झाला.

१४ मार्च १९३१ रोजी अर्देशीर इराणी यांचा 'आलम आरा' मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात प्रदर्शित झाला. १९३२ मध्ये प्रभात फिल्म कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट प्रदर्शित केला. आरंभीच्या या काळात नटाला गाणे चित्रणाच्या वेळीच म्हणावे लागे. १९३५ मध्ये न्यू थिएटर्सच्या 'धूप छाँव' या चित्रपटात पार्श्वगायनाचा अवलंब झाला आणि क्रम उलटला. आधी ध्वनी मुद्रित होऊ लागला व नट त्यावर ओठ हलवू लागला. ध्वनी आणि चित्र या दोन स्वतंत्र वस्तू असून त्यांचा मेळ घडवावा लागतो, हे यातून स्पष्ट झाले.

३५ मिलिमीटर फिल्मवर ध्वनीची पट्टी आपल्या चित्राच्या शेजारी नसते. ती सुमारे २० फ्रेम पुढे छापलेली असते. प्रक्षेपकात चित्र थांबत थांबत, तर ध्वनी अखंड सरकावा लागत असल्यामुळे ही योजना करण्यात आली. चित्रगृहात मागच्या प्रेक्षकापर्यंत ध्वनी पोचण्यास लागणारा वेळही विचारात घ्यावा लागे. एका फ्रेमच्या अवधीत ध्वनी जेमतेम १४ मीटर अंतर कापतो.

डीव्हीडीच्या काळातील बिघाड व त्याची कारणे :
भारतातील दूरचित्रवाणी पाल पद्धतीची असल्यामुळे येथील डीव्हीडीचे चित्र सेकंदाला २५ फ्रेम या वेगाने चालते, तर ध्वनीचे सेकंदाला ४८,००० नमुने घेतले जातात. सीडीवरील ध्वनीचे नमुने मात्र ४४,१०० असतात. हे नमुने न बदलता ४८,००० च्या वेगाने वाजविल्यास ध्वनी सुमारे ९ टक्के जलद आणि जवळपास दीड अर्धस्वराने चढा होतो.

कॅसेटवरून रूपांतर करताना प्रामुख्याने तीन प्रकारचे बिघाड आढळतात. पहिल्यात आरंभापासून अखेरपर्यंत अंतर सारखेच राहते. येथे ध्वनी तेवढाच मागे वा पुढे सरकविणे पुरेसे असते. दुसऱ्यात अंतर हळूहळू वाढत जाते. चित्र घेणारे कार्ड व ध्वनी घेणारे कार्ड यांची घड्याळे वेगळी असल्यास असे घडते. दहा हजारांत एक एवढा सूक्ष्म फरकही दोन तासांच्या अखेरीस ०.७२ सेकंद होतो. तिसऱ्यात अंतर मध्येच उडी घेते. जुनी फीत वाचताना काही फ्रेम सुटतात. ५० फ्रेम सुटल्यास चित्र २ सेकंदांनी आखूड होते आणि तेथून पुढे ध्वनी मागे पडतो.

निदानासाठी आरंभी, मध्ये व अखेरीस असे किमान तीन ठिकाणी अंतर मोजावे. चित्रपटात यासाठी क्लॅपर वापरतात. ग्रामीण चित्रणात तो नसला, तरी संबळावरील काठीचा आघात किंवा कीर्तनातील टाळेचा ठोका तेच काम करतो. आघाताची फ्रेम दिसते आणि ध्वनीचा आरंभही स्पष्ट असतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीनुसार ध्वनी ४५ मिलिसेकंद आधी आला तरी तो जाणवतो. मागे पडल्यास मात्र १२५ मिलिसेकंदांपर्यंत जाणवत नाही. निसर्गात ध्वनी प्रकाशामागूनच येत असल्याने कानाला त्याची सवय आहे.

दुरुस्ती आणि साधनचिकित्सा :
इतिहासाच्या अभ्यासकापुढील खरा प्रश्न येथे उद्भवतो. दुरुस्ती म्हणजे साधनात हस्तक्षेप होय. उडीचा बिघाड असताना संपूर्ण ध्वनी ताणून वा आवळून मेळ साधला, तर अखेरचा ओठ जुळतो. परंतु गोंधळ्याची लय आणि काही पद्धतींत त्याची पट्टीही मूळची राहत नाही. उद्या या फितीवरून लयीचा अभ्यास करणारा संशोधक संगणकाने निर्माण केलेली लय परंपरेची म्हणून नोंदवील. पोथीच्या नकलकाराने अडलेला शब्द आपल्या मनाने भरावा, तसाच हा प्रक्षेप आहे. अशा वेळी ध्वनी अखंड असल्यास तो प्रमाण मानून, सुटलेल्या जागी शेजारची फ्रेम पुन्हा घालणे अधिक योग्य. घड्याळांतील सूक्ष्म फरकासाठी ध्वनी ताणावा लागलाच, तर त्याचे प्रमाण लिहून ठेवावे.

निष्कर्ष :
१) ध्वनी व चित्र यांचा मेळ ही बोलपटापासून प्रत्येक माध्यमात नव्याने करावी लागलेली तडजोड आहे.
२) बिघाडाचा प्रकार निश्चित केल्यावाचून दुरुस्ती करू नये.
३) दुरुस्त प्रतीसोबत दुरुस्तीपूर्व प्रत आणि केलेल्या बदलांची नोंद जतन करावी. मूळ कॅसेटही टाकून देऊ नये.

पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने चित्रपटांचे जतन केले. तरीही 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. खेड्यातील कॅसेटला तर संग्रहालयाचाही आधार नाही. डीव्हीडी आता मागे पडत चालली आहे आणि घरी भरलेल्या तबकड्याही कालांतराने वाचेनाशा होतात. म्हणून ग्रामीण महाविद्यालयांच्या इतिहास व संगीत विभागांनी आपल्या परिसरातील फितींची नोंद घेऊन हे काम हाती घेणे अगत्याचे आहे.