मान वर करून पाहिलेली मुंबई

विद्यार्थिदशेतली सुखे ती काय! इराण्याकडचा चहा, ब्रून-मस्का आणि खिशात एक वही-पेन्सिल. पैसा न पडणारी चैन एकच होती: मान वर करून इमारती पाहणे. बोरीबंदरला गाडी सुटेपर्यंत मी दगडातले एखादे पान वहीत उतरवीत असे. ही पाने कोणी बरे घडविली, हा प्रश्न तिथेच पडला.

स्टेशनचे काम १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षे चालले. आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा, पण नक्षीकामाला हात लागले ते जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचे. सर जमशेटजी जिजीभाईंच्या देणगीतून १८५७ साली निघालेली ही शाळा. तिचेच विद्यार्थी १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांच्याबरोबर अजिंठ्यास जात आणि लेण्यांच्या अंधुक उजेडात भित्तिचित्रांच्या नकला करीत. हे काम १८८५ पर्यंत चालले. नकला लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यांतल्या कितीतरी जळाल्या!

मग श्रम वाया गेले का? मला तसे वाटत नाही. रेषेमागून रेष ओढताना जी नजर तयार होते, तिला आग लागत नाही. बोरीबंदरचे आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस झाले आहे. २००४ साली ते जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्या मुलांची नावे मात्र प्रवाशांच्या ओठी नाहीत. वाचकहो, सुटीत मुलांना घेऊन तिकडे गेलात, तर दोन मिनिटे थांबा आणि वर पाहा. त्यांचा हात अजून तिथे आहे.