खरकटे ते ज्योत : सव्वाशे वर्षांची वाटचाल

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत खरकट्यावर लेख, हे पाहून काही मंडळींच्या कपाळावर आठी पडेल. पण महाप्रसादाची शेवटची पंगत उठल्यावर मागे किती भात, वरण आणि पुऱ्यांचे तुकडे उरतात, ते आपल्या वाढप्यांना विचारावे. पूर्वी दीक्षितपुऱ्यात उष्टे अन्न दारावर येणाऱ्या गाईपुढे जाई. आता ते प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कचरागाडीत जाते. यंदाच्या बैठकीत एका तरुण कार्यकर्त्याने सूचना मांडली की मंडळाने वर्गणीतून स्वतःचा गॅस प्लांट बसवावा आणि पुढच्या वर्षीचा प्रसाद त्याच गॅसवर शिजवावा. सूचना चांगली आहे. मात्र निर्णय घेण्यापूर्वी या विद्येचा इतिहास सर्वांना ठाऊक असावा, म्हणून हा प्रपंच.

दलदलीतून निघणारा वायू पेट घेतो, हे इटलीच्या व्होल्टाने १७७६ साली दाखवले. इंग्लंडमधील एक्झिटर गावी १८९५ च्या सुमारास सांडपाण्याच्या टाकीतील वायूवर दिवे लागले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून वायू तयार झाला. आधी त्यावर दिवे लागले आणि १९०७ मध्ये इंजिनही चालले. ज्या माणसांना समाजाने गावाबाहेर ठेवले, त्यांच्या मैल्यातून हा प्रकाश निघाला, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

पुढे शेणाची पाळी आली. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत १९३९ च्या आसपास प्रयोग झाले. १९५० च्या दशकात जशभाई पटेल यांनी तरंगत्या टाकीचे संयंत्र बनवले आणि खादी ग्रामोद्योग आयोगाने ते गावोगावी नेले. ‘गोबर गॅस’ हा शब्द आपल्या तोंडी बसला तो तेव्हापासून. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैला हा टाकाऊ नसून संपत्ती आहे, हा विचार स्वतः सफाई करून रुजवला. त्यांच्या प्रेरणेने डॉ. सुहास मापुसकर यांनी तुकोबांच्या देहू गावात शौचालयाला जोडलेले गॅस संयंत्र सिद्ध केले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

मात्र गोबर गॅसची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. विदर्भात आमच्या नात्यातल्या एका घरी मोठ्या हौसेने संयंत्र बसवले होते. काही वर्षांत गुरे विकली गेली, मुले शहरात गेली आणि लोखंडी टाकी अंगणात गंजत पडली. संयंत्रात तांत्रिक दोष काहीच नव्हता. त्याला रोज घास भरवणारे कोणी उरले नव्हते, एवढेच.

शहरात शेण कुठून आणायचे? याचे उत्तर पुण्याने दिले. महर्षी कर्व्यांचे नातू आणि इरावतीबाईंचे चिरंजीव डॉ. आनंद कर्वे हे वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांचा विचार अगदी सरळ होता. शेण म्हणजे गाईने पचवून उरलेला चोथा. वायू करणारे जिवाणू तर गाईच्या पोटातलेच. मग त्यांना चोथा देण्याऐवजी सकस अन्नच का देऊ नये? त्यांच्या ‘आरती’ या संस्थेने पाण्याच्या दोन प्लॅस्टिकच्या टाक्या एकीत एक उपड्या बसवून घरगुती संयंत्र केले. संस्थेच्या अनुभवाप्रमाणे, जेवढ्या वायूसाठी सुमारे ४० किलो शेण आणि ४० दिवस लागत, तेवढा वायू सुमारे २ किलो पिष्टमय खरकट्यातून एका दिवसात मिळे. २००६ साली या कामाला इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. इकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ संयंत्र उभारले. त्यात ओला कचरा आधी गरम पाणी आणि हवा देऊन कुजवतात आणि मग बंद टाकीत सोडतात. काळे यांना २०१३ मध्ये पद्मश्री देऊन गौरवण्यात आले.

बंद टाकीत घडते काय? जिवाणूंची एक फळी अन्नाचे साखरेत आणि साखरेचे आम्लात रूपांतर करते. दुसरी फळी त्या आम्लापासून मिथेन करते. पहिली फळी चपळ आणि दुसरी मंद. एकदम जास्त अन्न ओतले तर आम्ल साचते, टाकी आंबते आणि वायू बंद पडतो. थोडक्यात, टाकीलाही अजीर्ण होते!

पण याच आम्लांना बाजारात किंमत आहे. टाकीचे काम मध्येच थांबवून ॲसेटिक, ब्युटिरिक अशी आम्ले काढून घ्यायची आणि त्यांपासून रसायने व प्लॅस्टिक बनवायचे, यावर आज जगभर संशोधन चालू आहे. हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंकडून रसायन करून घेण्याची कल्पना मात्र जुनी. गन कॅरेज आणि खमरियात नोकरी केलेल्या आपल्या मंडळींना कॉर्डाइट हा शब्द नवा नाही. पहिल्या महायुद्धात त्यासाठी लागणारे ॲसिटोन कमी पडले, तेव्हा वाइझमन या रसायनशास्त्रज्ञाने अशाच जिवाणूंकडून मक्याच्या पिठापासून ते तयार करवले. १९१७ मध्ये धान्याची टंचाई झाली, तेव्हा इंग्लंडच्या शाळकरी मुलांनी त्यासाठी रानटी चेस्टनटची फळेही गोळा केली. हेच वाइझमन पुढे इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

आता आपल्या प्रदेशाकडे येऊ. जबलपूरला कठौंदा येथे २०१६ साली कचरा जाळून वीज करणारा प्रकल्प सुरू झाला. जाळायला सुका कचरा चांगला, पण खरकट्यात बहुतेक पाणीच असते, ते जाळण्यात उष्णता वायाच जाते. खरकट्याची योग्य जागा म्हणजे बंद टाकी. इंदूरने ते करून दाखवले. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी तेथे रोज ५५० टन ओला कचरा पचवण्याच्या क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला. त्यातून रोज सुमारे १७ टन वाहनाचा गॅस आणि १०० टन खत मिळावे, अशी त्याची रचना आहे. पण यंत्रे येण्याच्या कितीतरी आधी इंदूरकरांनी घराघरांत ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याची सवय लावून घेतली होती. खरा पाया तो.

तेव्हा तरुण मित्राला माझे सांगणे असे. दहा दिवस पंगती आणि मग वर्षभर उपास, अशा आहारावर गॅस प्लांट जगणार नाही. आधी त्याला अजीर्ण होईल आणि मग तो उपाशी मरेल. वर्गणीतून टाकी जरूर घ्यावी, पण ती जिथे रोज स्वयंपाक होतो अशा वसतिगृहात किंवा भोजनालयात बसवावी, आणि तिला रोज भरवण्याची जबाबदारी नावानिशी एकाने घ्यावी. उत्सवातले खरकटे तिला सोसेल तेवढेच, थोडे थोडे द्यावे.

आणि त्याआधीचे काम तर बिनखर्चाचे आहे. यंदाच्या महाप्रसादात उष्टे एका पिंपात, पत्रावळी दुसऱ्यात आणि प्लॅस्टिकचे पेले तिसऱ्यात, एवढी व्यवस्था करून त्यापाशी दोन कार्यकर्ते उभे करावेत. तेवढे दहा दिवस नीट जमले, तर टाकीची वर्गणी देणाऱ्यांत माझे नाव पहिले लिहावे.