निषिद्ध शब्दांची न दिलेली यादी : चीनमधील शोधयंत्र कंपन्यांचा अनुभव

ग्रंथावर बंदी घालावयाची तर त्या ग्रंथाचे नाव हुकुमात लिहावे लागते. बंदीचा हुकूमच मग ग्रंथाच्या अस्तित्वाचा पुरावा होऊन बसतो. २००० सालानंतर चीनमध्ये इंटरनेटवरील शोधयंत्रांच्या बाबतीत जे नियंत्रण रूढ झाले त्याची तऱ्हा निराळी होती. कोणता शब्द निषिद्ध हे शासनाने जाहीर करावयाचे नाही, पण कंपनीने ते ओळखून वागले पाहिजे, अशी ती तऱ्हा होय. तिच्यामुळे या कंपन्यांवर कोणते काम येऊन पडले, याचा विचार येथे करावयाचा आहे. प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक असल्याने त्याची दृष्टी नफ्यातोट्यापेक्षा शब्दांकडे अधिक वळली आहे.

चीनच्या राज्यपरिषदेने सप्टेंबर २००० मध्ये इंटरनेटवरील माहितीसेवांसंबंधी जे नियम केले, त्यांतील पंधराव्या कलमात निषिद्ध मजकुराचे नऊ प्रकार दिले आहेत. राष्ट्राच्या प्रतिष्ठेस बाधा आणणारा, अफवा पसरविणारा, सामाजिक सुव्यवस्था बिघडविणारा, असे ते प्रकार. यांपैकी एकाचीही व्याख्या दिलेली नाही. अर्थ लावण्याची जबाबदारी सेवा पुरविणाऱ्यावर, आणि अर्थ चुकल्यास परवाना धोक्यात! देशी कंपन्यांना वेळोवेळी सूचना जात, परंतु त्या प्रसिद्ध करावयाच्या नसत. परदेशी कंपनीला तर अंदाजच बांधावा लागे.

गूगलने २००० मध्येच चिनी भाषेतून शोधाची सोय केली होती; मात्र तिची यंत्रे चीनबाहेर होती. सप्टेंबर २००२ मध्ये सुमारे दोन आठवडे ती सेवा चीनमध्ये बंद पडली आणि तिच्याकडे जाणारे वाचक देशी शोधयंत्रांकडे वळविले गेले. पुढे ती पुन्हा सुरू झाली, पण सीमेवरील गाळणीतून जाताना उत्तरे रेंगाळत व मध्येच तुटत. बायडू ही २००० मध्ये स्थापन झालेली कंपनी देशातच असल्याने तिला ही अडचण नव्हती.

या स्थितीत गूगलने जानेवारी २००६ मध्ये चीनकरिता स्वतंत्र शोधयंत्र उघडले व त्यातील उत्तरे आपण होऊन गाळण्याचे मान्य केले. काय गाळावयाचे हे ठरविण्याची रीत मोठी उद्बोधक आहे. कंपनीच्या अभियंत्यांनी चीनमध्ये एक संगणक ठेवून त्यावरून एकामागून एक संकेतस्थळे उघडून पाहिली. जे उघडले नाही ते निषिद्ध समजून आपल्या यादीत घातले. म्हणजे शासनाने न दिलेली यादी कंपनीने निरीक्षणाने तयार केली. अज्ञात भाषेचे व्याकरण बांधणारा अभ्यासक याहून वेगळे काय करतो? फरक इतकाच की, येथे व्याकरण लिहिणाऱ्यानेच ते पुढे अमलात आणावयाचे होते.

टोरोंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅब या केंद्राने २००८ मध्ये गूगल, याहू, मायक्रोसॉफ्ट व बायडू यांच्या चिनी शोधयंत्रांची तुलना प्रसिद्ध केली. चौघांनी गाळलेल्या स्थळांत फारच थोडी समानता आढळली. ‘आम्ही केवळ कायदा पाळतो’ हा कंपन्यांचा बचाव या एका निष्कर्षापुढे लंगडा पडतो. कायदा एक आणि याद्या चार, याचा अर्थ निवड कंपन्यांची होती.

तथापि एक गोष्ट गूगलच्या बाजूने सांगितली पाहिजे. स्थानिक कायद्यानुसार काही उत्तरे दाखविलेली नाहीत, अशी ओळ ती पृष्ठाच्या तळाशी छापीत असे. शब्द मुकाट्याने वगळणारा कोश आणि त्याची जागा कोरी ठेवणारा कोश यांत अंतर आहे; दुसऱ्यात निदान गहाळ झाल्याचे कळते. याहूची कहाणी अधिक दुःखद. तिने पुरविलेल्या माहितीचा उल्लेख शी ताओ या पत्रकाराविरुद्धच्या निकालपत्रात आहे. २००५ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे २००६ व २००७ मध्ये झालेल्या सुनावण्यांत कंपन्यांना कठोर बोल ऐकावे लागले.

१२ जानेवारी २०१० रोजी गूगलने आपल्या यंत्रणेवर चीनमधून हल्ला झाल्याचे जाहीर करून यापुढे उत्तरे गाळणार नसल्याचे सांगितले. बीजिंगमधील तिच्या कार्यालयासमोर लोकांनी फुले आणून ठेवली, आणि ‘बेकायदा पुष्पार्पण’ हा उपहासाचा नवा शब्दप्रयोग चिनी इंटरनेटवर रूढ झाला. २२ मार्चला शोधयंत्र हाँगकाँगला हलविण्यात आले. त्या सुमारास चीनमधील सुमारे एकतृतीयांश शोधबाजार गूगलकडे होता. तो ओसरत गेला व त्याचा मोठा लाभ बायडूला झाला.

सर्वसाधारण इतिहास येथे थांबतो. मला मात्र त्यानंतरचा एक लहानसा प्रसंग अधिक बोलका वाटतो. हाँगकाँगच्या यंत्रावर शोध घेणाऱ्या चीनमधील वाचकांची जोडणी विशिष्ट शब्द लिहिताच मिनिटभर वा अधिक काळ तुटे. वाचकाला वाटे, यंत्र बिघडले. गूगलच्या अभियंत्यांनी चीनमधील सर्वाधिक प्रचारातील ३,५०,००० प्रश्न तपासून हे शब्द शोधून काढले आणि ३१ मे २०१२ पासून असा शब्द लिहिणाऱ्याला आगाऊ सूचना देण्यास आरंभ केला. जे शब्द सापडले ते अगदी रोजचे होते. ‘जियांग’ या अक्षराचा अर्थ नदी. पण ते माजी राष्ट्राध्यक्ष जियांग झेमिन यांचे आडनावही आहे. या अक्षरावर जोडणी तुटत असल्याने लीजियांग हे युन्नानमधील शहर आणि जियांगसू हा प्रांत यांचीही चौकशी अडे. ‘चौ’ म्हणजे आठवडा, आणि तेच एक अतिपरिचित आडनाव. चौ एन-लाय यांच्या नावातील ‘चौ’ हाच. आपल्याकडे ‘काळे’ आडनावाच्या एखाद्या गृहस्थाचा उल्लेख निषिद्ध ठरवून यंत्राला ती अक्षरे अडविण्यास सांगितले, तर काळे मीठ आणि काळे तीळ यांची चौकशीही बंद पडावयाची, तसाच हा प्रकार. अनेकार्थता हा भाषेचा स्वभाव आहे. आज्ञा एका अर्थाविरुद्ध असते, पण गाळणीला दिसते ते केवळ चिन्ह.

हाच स्वभाव वाचकांनीही उलट्या बाजूने उपयोगात आणला. हू जिंताओ यांच्या काळात ‘सुसंवादी समाज’ ही राजघोषणा होती. तेव्हा मजकूर काढून टाकला गेला की तो ‘सुसंवादी केला’ असे लोक म्हणू लागले. तो शब्दही अडू लागल्यावर केवळ स्वराघाताने भिन्न असा ‘नदीतला खेकडा’ हा शब्द त्याच्या जागी आला. गाळणीमुळे झालेला हा अर्थविस्तार कोशकारांनी टिपून ठेवण्याजोगा आहे.

गूगलची ती सूचना डिसेंबर २०१२ च्या आरंभी काढून टाकण्यात आली. त्याची घोषणा झाली नाही. जानेवारी २०१३ मध्ये इतरांनी ती गोष्ट उघड केली. पृष्ठाच्या तळाशी ओळ छापणारी कंपनी आपली ही माघार मात्र न सांगता करती झाली. २०१४ मध्ये तिच्या सेवा चीनमध्ये जवळजवळ पूर्णपणे बंद झाल्या. चीनसाठी पुन्हा गाळणीयुक्त शोधयंत्र उभारण्याची तिची गुप्त योजना २०१८ मध्ये बाहेर आली. तिच्याच सेवकवर्गाने विरोध केला आणि २०१९ मध्ये ती सोडून दिल्याचे कंपनीने अमेरिकी सिनेटपुढे सांगितले. मायक्रोसॉफ्टचे बिंग हे शोधयंत्र मात्र चीनमध्ये टिकून राहिले. ४ जून २०२१ रोजी, तिआनआनमेन चौकातील घटनेच्या स्मृतिदिनी, रणगाड्यांसमोर उभ्या राहिलेल्या माणसाचे चित्र इंग्रजी शब्दांनी त्यावर शोधले असता अमेरिकेतही काही काळ एकही चित्र मिळाले नाही. ही अनवधानाने झालेली मानवी चूक होती, असे कंपनीने कळविले.