स्टॅम्प पेपरवरची सोडचिठ्ठी म्हणजे घटस्फोट नव्हे

समाजमंदिरात पंचांसमोर बैठक होते. स्टॅम्प पेपरवर दोघांच्या सह्या घेतल्या जातात, नोटरीचा शिक्का बसतो आणि दोघे मोकळे झाले असे सगळेच मानतात. वस्त्यांमध्ये काम करताना हा कागद आजही हाती येतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र ते लग्न कायमच असते.

बौद्ध पद्धतीने झालेल्या विवाहालाही हिंदू विवाह कायदा, १९५५ लागू होतो. अनेक तरुणांना हे खटकते, पण कलम २ मध्ये बौद्धांचा स्पष्ट उल्लेख आहे. (विवाह विशेष विवाह कायदा, १९५४ खाली झाला असेल, तर घटस्फोटही त्याच कायद्याने.) कलम २९ रूढीने होणारा घटस्फोट मान्य करते, मात्र ती रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते. जुन्या जातरूढी सोडून धम्म स्वीकारलेल्या समाजाने असा दावा करणे किती अवघड, हे वेगळे सांगायला नको.

अशा कागदाच्या भरवशावर दुसरे लग्न केले, तर ते शून्य ठरते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ नुसार तो गुन्हाही आहे. मुले औरस मानली जातात, पण दुसऱ्या बाईला पत्नी म्हणून पेन्शन किंवा वारसा मागताना धक्के खावे लागतात. किंमत बहुतेकदा बाईच मोजते.

दोघांची संमती असेल तर कलम १३ ब खाली अर्ज करता येतो. त्यासाठी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते. पोटगी, मुलांचा ताबा वगैरे खरोखर मिटले असेल तर न्यायालय ही अट शिथिल करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. संमती नसेल तर क्रूरता, दोन वर्षांचा परित्याग अशी कारणे कलम १३ मध्ये आहेत. ती सिद्ध करावी लागतात आणि वेळ जातो. पत्नी सध्या राहते त्या ठिकाणच्या न्यायालयातही ती अर्ज करू शकते. सासरच्या गावी खेटे घालायची गरज नाही.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून पंचांकडे जाणारे पुष्कळ. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रियांना आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करावा किंवा १५१०० वर फोन करावा. जाताना लग्नपत्रिका, लग्नाचे फोटो, विहाराचा किंवा नोंदणीचा दाखला, मुलांचे जन्मदाखले आणि दोघांच्या उत्पन्नाचे जे कागद मिळतील ते न्यावेत. पोटगीच्या दाव्यात दोघांनाही मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, त्यामुळे नवऱ्याची पगारस्लिप फार उपयोगी पडते.

वकील मोफत असो वा खासगी, कोऱ्या कागदावर सही करू नये, प्रत्येक अर्जाची प्रत मागून घ्यावी आणि पुढची तारीख स्वतः लिहून ठेवावी. "पोटगी सोडली" असे वाक्य मसुद्यात नाही ना, हे कार्यकर्त्याने सोबत बसून वाचून दाखवावे. निकालानंतर हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत काढावी आणि अपिलाची मुदत संपेपर्यंत दुसऱ्या लग्नाची बोलणी थांबवावीत.