जात-वर्गसूचन, कथेतील (बिदर-कलबुर्गी सीमाभाग)

पात्राची जात किंवा ऐपत उघड न सांगता आडनाव, बोली, जेवण, पेहराव, रामरामाची रीत अशा खुणांवरून वाचकाला ती ताडू देण्याची, क्वचित मुद्दाम ताडू न देण्याची कथनरीत. मराठी कथेत ती जुनी आहे. एक पात्र ‘पाणी’ म्हणाले आणि दुसरे ‘पानी’, की पुण्या-मुंबईचा वाचक पुढचे आपणच भरून घेतो. बिदर आणि कलबुर्गी (पूर्वीचे गुलबर्गा) जिल्ह्यांत मात्र हा सरावाचा हिशेब वरचेवर चुकतो.

आडनावच घ्या. मराठी वाचकाला पाटील म्हणजे बहुधा मराठा. इथे तो लिंगायत असू शकतो, मुसलमानही. निजामी अमलात गावचा महसूल पाहणारा माली पाटील आणि बंदोबस्त पाहणारा पोलीस पाटील, असे दोन हुद्दे असत. पुढे ‘मालीपाटील’ हे आडनावच झाले. सोलापूरच्या पश्चिमेचा वाचक ते पाहून पात्राला माळी ठरवून मोकळा होतो! चव्हाण, पवार, जाधव यांचेही तसेच. गावात ते मराठा असतील, तांड्यावर लमाणी. हाच लमाणी कर्नाटकात अनुसूचित जातीत मोडतो आणि महाराष्ट्रात विमुक्त जातींत. त्यामुळे कथेतल्या चव्हाणाच्या मुलाला कोणती सवलत मिळाली, याचा अर्थही तो सीमेच्या अलीकडे शिकला की पलीकडे, यावर ठरतो.

भाषेची खूण आणखी फसवी. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानाचा कारभार उर्दूत चाले. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणही उर्दूतूनच होते. म्हणून उर्दूत सही करणारा म्हातारा ब्राह्मण वकील असेल किंवा लिंगायत वतनदार. त्याच्या उर्दूतून धर्म कळत नाही. कळते ती पिढी आणि शिकण्याची ऐपत. १ नोव्हेंबर १९५६ ला बिदर जिल्हा फुटला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात गेले. तेव्हापासून घरात कन्नड, शाळेत मराठी, किंवा नेमके उलट, अशी कुटुंबे दोन्हीकडे आहेत. शाकाहारावरून ब्राह्मण आणि लिंगायत वेगळे काढता येत नाहीत. कथेत प्रेत पुरले, एवढ्यावरूनही काही ठरत नाही, कारण दफनाची रीत लिंगायतांत, मुसलमानांत आणि अनेक दलित घरांतही आहे.

त्यातल्या त्यात भरवशाची खूण म्हणजे दुसऱ्याचे वागणे. पाणी तांब्याने वरून ओंजळीत ओतले की तांब्याच हातात दिला. चहा झाल्यावर बशी कोणी विसळली. यातून पात्राची जात कळते त्याहून जास्त, समोरच्याने ती काय धरली हे कळते.

मुद्दाम ताडू न देण्याच्या प्रकाराचा जगभर गाजलेला नमुना म्हणजे टोनी मॉरिसन यांची ‘रेसिटाटिफ’ (१९८३) ही कथा. ट्वायला आणि रोबर्टा या दोघींपैकी एक काळी, एक गोरी. कोण कोणती, हे कथा शेवटपर्यंत सांगत नाही. पण पुढे रोबर्टा श्रीमंत होते आणि ट्वायला साध्या कामगार घरात पडते, हे स्वच्छ सांगितले आहे. वर्ग दिला आणि वर्ण झाकला, की वाचक पैशावरून वर्ण काढू लागतो. खरी मेख तिथे आहे. मराठीत इतका काटेकोर प्रयोग सहसा आढळत नाही. बाबूराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेत वाचकाला निवेदकाची जात ठाऊक असते, इतर पात्रांना नसते. जात विचारणाऱ्यालाच निवेदक ठणकावतो आणि त्या तोऱ्यावरून समोरचे त्याला वरचा समजतात. उघडकीला आल्यावर मार खावा लागतो.

सीमेलगतच्या हन्नूरचे (ता. अक्कलकोट) शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) हे आत्मकथन आहे, कथा नव्हे, तरी या नोंदीत ते टाळता येत नाही. आई महार, बाप लिंगायत पाटील, आणि आजीच्या सोबतीने सांभाळणारा दस्तगीर मुसलमान. या घरात बापाचे नाव लावले तर एक जात निघते, आईची सांगितली तर दुसरी, आणि ज्याच्या आधाराने मूल वाढले त्याचा धर्म तिसराच.