लैंगिक सुखाचा खटला : १९३४ साली बाबासाहेब कोणाच्या बाजूने उभे राहिले?

लैंगिक सुखाचा विषय काढला की आपल्याच चळवळीतले कार्यकर्ते मान खाली घालतात. कुणी म्हणतं, हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत. कुणी म्हणतं, हे पाश्चात्त्य खूळ आहे. आधी जमीन, नोकरी, आरक्षण, अत्याचार यांवर बोला, मग या गोष्टी. आम्हाला हे मान्य नाही. कारण हाच विषय १९३४ साली मुंबईच्या कोर्टात गेला होता आणि आरोपीचं वकीलपत्र घेऊन जो माणूस उभा राहिला, त्याचं नाव बॅरिस्टर भीमराव रामजी आंबेडकर. जयंतीला ज्यांचा फोटो आपण डोक्यावर घेतो, त्यांच्या आयुष्यातलं हे पान आपण वाचत का नाही?

आरोपी होते रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपला दवाखाना काढला तोही त्याच वर्षी. म्हणजे हा माणूस जगाच्या मागे नव्हता, जगाच्या बरोबर होता. या कामापायी त्यांना विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. १५ जुलै १९२७ रोजी त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि १९५३ साली मरेपर्यंत पदरमोड करून चालवलं. पत्नी मालतीबाई पाठीशी उभ्या होत्या. कर्व्यांचं म्हणणं साधं होतं. कामेच्छा ही भुकेसारखी नैसर्गिक गोष्ट आहे. ती पुरुषाला जेवढी असते तेवढीच स्त्रीलाही असते. मूल नको असेल तरी सुखाचा हक्क राहतोच. कुणाला इजा होत नसेल, कुणावर जबरदस्ती होत नसेल, तर दोन सज्ञान माणसांच्या सुखात धर्माने आणि सरकारने नाक खुपसू नये.

हे सनातन्यांना कसं पचणार? १९३१ साली ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखावरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि शंभर रुपये दंड झाला. फेब्रुवारी १९३४ मध्ये त्यांना पुन्हा अटक झाली. या वेळी गुन्हा काय होता? गुजराती अंकात वाचकांच्या पत्रांना दिलेली उत्तरं! हस्तमैथुन करावं की नाही, समलिंगी ओढ वाटते ती रोग आहे का, असे प्रश्न लोकांनी विचारले होते. कर्व्यांनी भीती न घालता सरळ उत्तरं दिली. बस्स, एवढाच गुन्हा.

या खटल्यात बाबासाहेब त्यांचे वकील झाले. त्यांच्या बचावाचा गाभा असा होता : लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते आपोआप अश्लील होत नाही. लोकांना खरोखर पडलेले प्रश्न असतील तर त्यांची उत्तरं द्यायलाच हवीत. ज्याला समाज विकृती म्हणतो ती अज्ञानाने वाढते, ज्ञानाने कमी होते. बाबासाहेबांनी हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधार घेतला आणि ज्यांची ओढ जन्मतःच वेगळी आहे त्यांनी आपल्या परीने सुख मिळवण्यात गैर काय, असा मुद्दा मांडला. ही १९३४ सालची गोष्ट आहे, हे ध्यानात घ्या. त्या काळी कोर्टं अश्लीलता मोजायला १८६८ सालची इंग्रजी ‘हिक्लिन’ कसोटी लावत. सगळ्यात कच्च्या मनाच्या वाचकावर वाईट परिणाम होईल का, एवढंच ती पाही. एप्रिलमध्ये निकाल लागला. कर्वे हरले, दोनशे रुपये दंड झाला.

आता प्रश्न असा, की बाबासाहेबांनी हे वकीलपत्र घेतलंच का? पुणे करार होऊन दीड वर्षच झालं होतं. गोलमेज परिषदांची धावपळ नुकतीच संपली होती. काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालू होता. कर्वे तर जन्माने चित्पावन, त्यांची बाजू घेऊन अस्पृश्यांच्या पदरात काय पडणार होतं?

उत्तर शोधायला १९१६ सालात जावं लागतं. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात तरुण भीमरावांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. त्यात त्यांनी दाखवून दिलं की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावल्याने. पण नवरा-बायको एकाच वेळी मरत नाहीत. मागे राहिलेली विधवा जातीबाहेर जाण्याची भीती. मग तिला चितेवर जाळा, नाहीतर जन्मभर सक्तीचं वैधव्य द्या. विधुरासाठी वयाला न शोभणारी कोवळी पोरगी आणा. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या तिन्ही प्रथांचं मूळ त्यांनी इथे शोधलं. म्हणजेच बाईच्या इच्छेवर पहारा बसवल्याशिवाय जात एक पिढीही टिकत नाही. ज्याला हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कळलं होतं, तो कर्व्यांचा खटला ‘दुसऱ्याचा’ कसा मानेल? बाईने आपल्या देहाचं सुख ओळखणं, हा जातीच्या किल्ल्याला पडलेला सुरुंग आहे.

हे पुण्या-मुंबईचं झालं, आमच्या अणदूरचं काय, असं कुणी म्हणेल. तर अणदूरचंच बोलू. १९३४ साली सोलापूर ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात होतं आणि अणदूर निजामाच्या राज्यात. अणदूरला खंडोबाचं ठाणं आहे. देव वर्षातला बराच काळ अणदूरला आणि उरलेला काळ नळदुर्गजवळच्या मैलारपूरला असतो, हे सगळा जिल्हा जाणतो. या देवाला म्हाळसा आहे आणि बाणाईही आहे. एक लिंगायत वाण्याची, दुसरी धनगराची. देवाने आवडीने दुसऱ्या जातीची बायको केली तर त्याची गाणी होतात. आजच्या पोरा-पोरीने तसं केलं तर कोयते निघतात. आणि याच खंडोबाच्या नावाने महाराष्ट्रभर मुली ‘मुरळी’ म्हणून सोडल्या गेल्या. त्या कुणाच्या मुली होत्या? बहुतेक गोरगरिबांच्या, खालच्या मानलेल्या जातींच्या. देवाशी लग्न लागलं म्हणजे माणसाशी लग्न नाही, पण गावातल्या पैसेवाल्याचा हात मात्र कुणी धरायचा नाही.

योगायोग पाहा. ज्या १९३४ साली मुंबईत कर्व्यांना दंड झाला, त्याच वर्षी मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षण कायदा झाला. पण तो अणदूरला लागू नव्हता, कारण निजामाची हद्द. स्वतंत्र महाराष्ट्राला या प्रथेविरुद्ध नवा कायदा करायला २००५ साल उजाडलं. या व्यवस्थेचं गणित नीट समजून घ्या. तिने बाईचे दोन भाग केले. एक घरातली, जिने सुखाचं नावही काढायचं नाही. दुसरी देवाच्या नावाने सोडलेली, जिने दुसऱ्याला सुख द्यायचं. दोघींपैकी एकीलाही कुणी विचारलं नाही, की बाई, तुला काय हवंय?

इथे एक आक्षेप येतो. बाबासाहेबांनीच १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये कामाठीपुऱ्यातल्या बायांना, वाघ्या-मुरळ्यांना ते जिणं सोडून द्यायला सांगितलं. मग ते सुखाच्या बाजूचे कसे? काही स्त्रीवादी अभ्यासकांनीही त्या भाषणाच्या कठोर सुरावर बोट ठेवलं आहे आणि ती चर्चा झालीच पाहिजे. पण आम्हाला १९३४ आणि १९३६ यांत विरोध दिसत नाही. एकीकडे ते म्हणत होते, माणसाच्या खासगी सुखावर पहारा नको. दुसरीकडे म्हणत होते, जातीने लादलेला देहाचा बाजार नको. दोन्हीकडे सवाल एकच, या देहावर मालकी कुणाची?

हा सवाल त्यांनी विधिमंडळातही नेला. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. बाजूने मतं पडली ११, विरोधात ५२. पुढे २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी बाबासाहेब आपल्याच जिल्ह्यात, कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषदेला आले. ते साल आपण अभिमानाने सांगतो. त्याच्याशेजारी १९३४ आणि १९३८ ही सालंही सांगायला शिकू.

आता वाचकांच्या त्या प्रश्नांकडे वळू, कारण नव्वद वर्षांनंतरही ते तसेच आहेत. एसटी स्टँडच्या भिंतीवर ‘गुप्तरोग, धातू जाणे, मर्दानी कमजोरी’ अशा जाहिराती आजही रंगवलेल्या असतात. वीर्याच्या एका थेंबाला रक्ताचे चाळीस थेंब लागतात, ही थाप आजही पोरांना खरी वाटते आणि मजुरीचे पैसे भोंदू वैद्याच्या घशात जातात. वैद्यकशास्त्र काय सांगतं? हस्तमैथुनाने अशक्तपणा येत नाही, डोळे जात नाहीत, नपुंसकत्व येत नाही. ते पुरुष करतात तसं स्त्रियाही करतात आणि आपल्या देहाला काय आवडतं हे त्यातून कळतं.

स्त्रीच्या सुखाचं मुख्य केंद्र योनीच्या आत नाही. ते बाहेर, वरच्या बाजूला असलेली शिश्निका हे आहे. तिचा दिसतो तो भाग लहान, बाकीचा आत पसरलेला असतो. हेलन ओकॉनेल या ऑस्ट्रेलियन शल्यचिकित्सक बाईंनी १९९८ साली तिची पूर्ण रचना नीट मांडली. म्हणजे माणूस चंद्रावर जाऊन आला तरी बाईच्या या अवयवाकडे वैद्यक धड पाहायला तयार नव्हतं! कित्येक स्त्रियांना नुसत्या संभोगाने तृप्ती मिळत नाही. स्पर्श, बोलणं, सवड, आणि शिश्निकेला हळुवार चेतना लागते. कोरडेपणा असेल तर वंगण वापरावं. दुखत असेल तर थांबावं आणि डॉक्टरांना दाखवावं. सहन करणं हे पातिव्रत्य नव्हे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जोडीदाराला विचारावं. ‘नको’ म्हटलं की थांबावं, मग ती लग्नाची बायको असली तरी. एका खोलीत सहा माणसं झोपतात तिथे ही सवड कुठून येणार? म्हणूनच घराचा प्रश्न, दारूचा प्रश्न, ऊसतोडीच्या कोपीचा प्रश्न हा सुखाचाही प्रश्न आहे. ‘आधी पोट, मग सुख’ म्हणणाऱ्यांना आमचं हे उत्तर आहे.

कुणी पंचशीलाकडे बोट दाखवेल. तिसरं शील कामवासनेतल्या दुराचारापासून दूर राहायला सांगतं, गृहस्थाला कामनाच ठेवू नकोस असं सांगत नाही. जबरदस्ती, फसवणूक, अज्ञान पोरीचा गैरफायदा, हा दुराचार. राजीखुशीने दोन सज्ञानांनी एकमेकांना दिलेलं सुख त्यात कसं बसेल?

कायदा हळूहळू बाबासाहेबांच्या त्या युक्तिवादापर्यंत येऊन पोचला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने हिक्लिन कसोटी सोडली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञानांचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून बाहेर आले. हरलेला खटला ८४ वर्षांनी जिंकला गेला.

पण कोर्टात जिंकलेली गोष्ट वस्तीत आपोआप येत नाही. अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच कमी शिकलेल्या बायांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केलं. शरीराचं ज्ञान डिग्रीवाल्यांची मिरास नाही, हे आपल्याच गावात सिद्ध झालेलं आहे. मग बुद्धविहारातल्या महिला मंडळात, युवकांच्या शिबिरात, लग्नाआधीच्या बैठकीत सज्ञान मुला-मुलींशी या विषयावर सरळ बोलायला काय हरकत आहे? शब्द नसतील तर शब्द शोधू, लाज वाटेल तर वाटू दे. १४ एप्रिलच्या व्याख्यानमालेत एक दिवस रघुनाथ कर्व्यांच्या खटल्यावर ठेवा, आम्ही यायला तयार आहोत.

जय भीम!